लालाची दुसरी खेप

घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या पुढे,
काचेच्या दुकानात मी किलिम विकतो.
गालिचा नव्हे, हे आधी सांगावं लागतं.
याला लव नाही, पाऊल रुतत नाही,
उलटा टाकला तरी नक्षी तीच.
गिऱ्हाईक वाकून बघतं, पालथा करून बघतं
आणि विचारतं, मग सुलटी बाजू कुठली?

सोफ्यासमोर अंथरा, म्हणतो मी.
जेवणाच्या टेबलाखाली नको, खुर्च्या कडा ओढतात.
पांढऱ्या भिंतीवर टांगलात तर वरून पिवळा दिवा सोडा.
सहा महिन्यांनी फिरवून टाका,
बाल्कनीकडचं टोक उन्हानं लवकर म्हातारं होतं.
हे मी आठ दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो.
बाकीचं आधीच येत होतं,
ते अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं कळलं नाही.

शनिवारी मिराशीबाई आल्या. पातलीपाडा, अठरावा मजला,
पर्समध्ये पडद्याच्या कापडाचा तुकडा.
शिराजकडचा सहा बाय नऊ त्यांना आवडला.
मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च मारला:
हा लाल इथून वेगळा आहे.
डिफेक्ट आहे. किती कमी कराल?

खरंच होतं. वीतभर डाळिंबाचा लाल
आणि पुढे एकदम विटेचा.

नैसर्गिक रंग आहे मॅडम, हे उत्तर जिभेवर तयार होतं.
पण त्या दिवशी वडील दुकानात होते,
डोळे तपासून आलेले, माझी ड्यूटी संपायची वाट बघत.
विकायच्या स्टुलावर बसायला तयार नाहीत
म्हणून फरशीवर, भिंतीला टेकून.
डोळ्यांत थेंब घातलेले. बाहुल्या एवढाल्या. सगळं धूसर.

ते गुडघ्यांवर पुढे आले,
विणीवरून तळवा सरकवत नेला
आणि नेमके त्या ओळीवर थांबले.
हितनं लोकर बदलली, म्हणाले.
मागची दाट हाय, ही दुसऱ्या कातरणीची.
रंगबी संपला आसंल, मुक्काम हलला आसंल.
नव्या गावच्या पाण्यात तोच लाल कसा यील?

मग बोट एका फटीत गेलं.
निळा नि लाल जिथे भेटतात तिथे विणणारी
दोघांना गुंतवत नाही,
ज्याला त्याला आपल्या काठावरून परत फिरवते.
मध्ये चीर राहते, उजेड जाईल एवढी.
हे फाटल्यालं न्हाई, ते बाईंना म्हणाले. हे तिनं ठिवलंय.
फटीफटीनं बोट वर चढत, वळत गेलं
आणि त्यांना हसू आलं:
आरं, ह्यो तर एडका! शिंगं बघ की.

म्हसवडजवळ आमच्या खड्ड्यातल्या मागावर
त्यांनी चाळीस वर्षं काळी घोंगडी विणली.
रंग मेंढराच्या अंगातच, तो कधी कमी पडला नाही.
कमी पडली गिऱ्हाइकं.
चिंचोक्याच्या खळीचा वास माझ्या दप्तरालासुद्धा यायचा
आणि मी शाळेत शेवटच्या बाकावर बसायचो, आपण होऊन.

मिराशीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.
किती छान, म्हणाल्या. तरी दहा टक्के?
मी आठ दिले.
किलिम गुंडाळायला वडिलांनी एक टोक धरलं,
मी तिरका गुंडाळत होतो, त्यांनी उलगडायला लावला.

रात्री कळव्याच्या पुलावर रिक्षा अडकली.
खाडीचा वास येत होता.
बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं,
त्या बाईला किती मिळालं आसंल रं?
सोळाशे वाचले तिचे, मी म्हणालो.
ती न्हवं, ते म्हणाले.

पुढे काही बोलले नाहीत.
सीटचं रेक्झिन आमच्या दोघांमध्ये उसवलेलं होतं
आणि त्यांचं बोट त्या भोकात फिरत होतं,
कडेकडेनं, सावकाश.
हे मात्र फाटलंय, म्हणाले.