शेरा

सकाळी सहाला पट्टी वाचायची, आकडा लिहायचा,
एवढंच माझं काम.
माजलगावच्या फुगवट्यावर,
जिथं जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात चालत जातो
आणि परत येत नाही.

आज पाणी चार बोटं उतरलेलं.
कडेचा मैलाचा दगड वर आलाय.
गावाचं नाव शेवाळानं खाल्लं,
किलोमीटर तेवढे शाबूत : तीन.

पाणकावळे आले. आधी दहा-बारा,
मग मोजणं सोडून द्यावं इतके.
कुणी शिट्टी वाजवली नाही
तरी पात धरली त्यांनी,
ज्वारी काढताना बाया धरतात तशी,
विळ्यासारखी वाकडी.
आणि बुडी.
मागचे उडून पुढं, पुढचे मागं पडले
की तेही उडून पुढं,
पात सरकतेय काठाकडं,
पाणी आधण आल्यागत.

चिलापी पळाली ती उथळात,
बुडालेल्या डांबरावर.
तिथं बगळे उभेच होते,
उधारी वसूल करायला आल्यासारखे, निवांत.
चमचे मान आडवी हलवत गाळ चाळत होते.

शिस्त म्हणावी, तर
एकाच्या चोचीतला मासा दुसऱ्यानं ओढला.
आणि एक नुसताच बुडून वर येत होता, रिकामा.
आमच्या कचेरीत अशाला
हजेरीपुरता म्हणतात.

भोयाची सोजरबाई थर्माकोलच्या तराफ्यावर
जाळं गोळा करत थांबली.
"काल सोसायटीची सभा तहकूब झाली, सायेब.
कोरम भरला न्हाई.
साठात अकरा. त्यातले दोघं भांडायला आलते."
जाळ्यात काय होतं ते तिनं दाखवलं नाही,
मीही विचारलं नाही.

विचारलं ते भलतंच :
ह्यांच्यात मुकादम कोण असेल?

तिनं बराच वेळ पाहिलं.
"मुकादम असता
तर काठावर बसला असता."

दहा मिनिटांत सगळं संपलं.
पाणी पुन्हा सरकारी, सपाट.
तीन किलोमीटरच्या दगडावर
एकजण पंख वाळत घालून बसला,
पुढची गाडी कधीची, असं विचारावं वाटलं त्याला.

मी वहीत आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात, रोजच्यासारखं : निरंक.
मग ते खोडलं.
नुसतं खोडून चालत नाही,
शेजारी सही लागते.

सही केली.