हौदा नऊ फूट

शिडी मिटल्यावर बारा फूट.
एवढं एकच माप खिशात घेऊन
मी आणि इलाही माधवनगर रोडला गेलो,
सेकंडहँड पिकप बघायला.

सहा वर्षं लूनावरनं धंदा केला.
मी पुढं, इलाही मागं, शिडी दोघांच्या खांद्यावर,
बादल्या हँडलला.
विश्रामबागच्या चौकात वळताना शिडीचं शेपूट एकदा
एका नव्या गाडीच्या आरशाला लागलं.
तो महिना त्या आरशातच गेला.

आता मिरजेत एका दवाखान्याचं काम लागलंय.
पाच मजले, सगळी दर्शनी बाजू काचेची.
मॅनेजर म्हणाला, पाणी तुमचं तुम्ही आणायचं,
आमच्या बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग पडतात.
म्हणजे पाचशे लिटरची टाकी. म्हणजे अर्धा टन.
लूनाला हे सांगायचीसुद्धा लाज वाटली.

कुंभोजकर शेठ इंजिनाबद्दल बोलत होते,
मी टेप काढून हौदे मोजत होतो.
छोटा हत्ती : सात फूट. शिडी पाच फूट बाहेर,
म्हणजे पुन्हा तेच शेपूट, पुन्हा कुणाचा तरी आरसा.

मग ती पांढरी दिसली.
हौदा नऊ फूट, वर अँगल आधीच मारलेला,
टायर नवे, सीटला नवं कव्हर,
डॅशबोर्डवर अत्तराची बाटली.
इलाहीनं माझ्या कोपराला कोपर लावलं.
आमच्यात त्याचा अर्थ 'घे' असा होतो.

पण पुढची काच मळलेली.
हात काही ऐकत नाही.
मागच्या खिशातनं पट्टी काढली, बाटलीतलं पाणी मारलं,
डावीकडनं उजवीकडं, मधे न थांबता.
काच अशी निघाली
की शेठच्या पोरानं बसल्या जागेवरनं
दहा हजार वाढवले.
इलाही म्हणाला, आता बाकीच्या पण पूस गा भरमू,
म्हणजे बघायचेसुद्धा पैसे घेतील.

मी दाराची काच खाली घेतली.
जाताना ती बारीक करकरली,
भातात खडा यावा तशी.
खोबणीतल्या रबरात बोट घातलं.
राखाडी, मऊ, वाळून पापुद्रे धरलेला गाळ.
धूळ अशी नसते. धूळ वरनं बसते.
हा खालनं चढलेला.

हा गाळ मी टिळक चौकात
किती काचांवरनं खरवडलाय, पूर ओसरल्यावर.
दुकानादुकानाच्या काचेवर छातीएवढ्या उंचीला
कृष्णेनं ओढलेली रेघ.
एका पेढीच्या काचेवरची तर तीनदा पुसली
आणि तिरक्या उन्हात चौथ्यांदा दिसली.

मी बोट शेठना दाखवलं.
शेठनी बोटाकडं बघितलं, मग पत्र्याच्या छपराकडं,
मग पोराला म्हणाले, चहा सांग रे.

चहा पिऊन निघताना कोपऱ्यातली दिसली.
निळी, असं कागदावर लिहिलेलं.
तासगावचे बेदाणे ओढून ओढून
हौदा चिकट, गोड वास, त्यावर मुंग्यांची रांग.
डाव्या दिव्याला चिकटपट्टी.
हॉर्न वाजत नाही, वाजला तर थांबत नाही.
हौदा नऊ फूट.
काच खाली घेतली. गप गेली. गप वर आली.
खोबणीत बोट घातलं,
तर एक बेदाणा.

इलाहीनं तो फुंकर मारून खाल्ला
आणि कोपर लावलं.

शिडी अजून तीन फूट बाहेर येते.
तिच्या टोकाला त्यानं बहिणीच्या जुन्या ओढणीचा
लाल तुकडा बांधलाय.
सकाळी सहाला, ऊन काचेवर यायच्या आधी,
आम्ही मिरजेच्या रस्त्याला लागलेले असतो.
मागं अर्धा टन पाणी डचमळतं,
ब्रेक मारला की पुढं येऊन
पाठीत थाप देतं.

हौदा दोनदा धुतला.
मुंग्या अजून येतात.