तोर्सदाग

नावेला नाव ठेवलं त्यानं,
नावं ठेवली मी, गुनवोर हसते.
तोर्सदाग, म्हणजे गुरुवार.
रॅग्नर म्हणायचा, येत्या गुरुवारी निघू.
बावीस उन्हाळे
शिडाला ठिगळ, डोलकाठीला वार्निश,
गुरुवार मागे, धक्का तिथेच.

नांगर दोन: एक चिखलाचा, एक खडकाचा.
होकायंत्र चार अंश खोटं बोलतं,
ते गृहीत धरून चालायचं.
स्टोव्ह लाथेशिवाय पेटत नाही.
मागचं हे वाऱ्याचं पातं सुकाणू सांभाळतं
रात्रभर, एकही जांभई न देता,
रॅग्नरपेक्षा बरं.

आणि हा दुसरा बंक.
यावर जादा दोर.
दोर ठेवायला कुठेतरी जागा हवीच.

मारियेहामच्या बंदरात आज सोमवार.
ती गाठ सोडते.