सरळ नळी

मी नळ्या सरळ करायचो. एकतीस वर्षं.
नळी डोळ्याला लावायची, उत्तरेच्या खिडकीकडे धरायची.
खिडकीच्या दुधी काचेवर एक काळी रेघ,
तिची सावली नळीच्या पोटात दोऱ्यासारखी उतरते.
दोरा मोडला तर नळी वाकडी.
मग हातोडीचा एकच ठोका. कुठे मारायचा, ते कुणी सांगत नाही.
बापानं मला सांगितलं नव्हतं, त्याला त्याच्या बापानं.

टनिक्लिफ आणि पुत्र. कालव्याकाठी, लाल विटांचे चार मजले.
पुत्र केव्हाच संपले. शेवटच्या नातवाला
घोड्यांच्या शर्यती आवडायच्या, आणि फ्लोरिडा.

का बंद पडला, ते गावात ज्याला त्याला ठाऊक आहे.
अर्लीन बँकेत होती, ती म्हणते, कर्ज.
मॅनहॅटनहून माणसं आली, बर्फात पातळ तळव्यांचे बूट घालून.
कारखान्याच्याच नावावर कर्ज काढून
त्यांनी कारखाना विकत घेतला,
आणि व्याज आमच्या भट्टीतून.
दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात, हे माहीत होतं;
खांदाही बंदूकवाल्याचाच, हे तेव्हा पाहिलं.

रॉस्को न्हावी संघटनेला शिव्या देतो, कात्री न थांबवता.
म्हणतो, आणि पोरं कुठे जातात आता हरणामागे?
पहाटे चारला, उणे बारात, झाडावर बसायला?
खरंय. पण हरीण हे आमचं गिऱ्हाईक कधीच मागे पडलं होतं, रॉस्को.
आमचं गिऱ्हाईक भीती.
निवडणूक तोंडावर आली, कायदा येतोय अशी आवई उठली
की तीन पाळ्या, रविवारीसुद्धा भोंगा,
माझ्या बायकोनं त्या पैशांत दात करून घेतले.
आणि ज्या वर्षी कुणीच घाबरलं नाही
त्या वर्षी गोदामात खोकी छपराला टेकली.

मला विचाराल तर चूक आमचीच.
आजोबानं सरळ केलेली एक रायफल
अजून शेजारी व्हॅन ॲल्स्टाइनच्या दारामागे उभी आहे.
वर्षाकाठी तेलाचे दोन थेंब मागते.
चाप ओढला, की काचेची काडी मोडावी तसा मोडतो.
ज्याच्याकडे ती आहे, तो दुसरी कशाला घेईल?
न मोडणारी वस्तू विकून कोण जगलंय?

हे मी न्हाव्याकडे बोलतो.
दुसरं बोलत नाही.

खटल्यात कंपनीनं मला साक्षीला नेलं,
माल निर्दोष होता एवढंच सांगायला.
टेबलावर पारदर्शक पिशवीत ती ठेवलेली.
वकीलबाईंनी नळीच्या बुडाशी बोट नेलं.
हा शिक्का कोणाचा, मिस्टर व्रूमन?
माझा. छोटा व्ही, जरासा डावीकडे कललेला.
नळीत काही दोष?
नाही, म्हटलं. सरळ आहे.
अगदी सरळ, म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं तरी.
पुढच्या बाकावर एक बाई.
मांडीवर लोकरीचा हातमोजा, लहान, एकच.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही,
हातांकडे पाहत राहिली.
त्या दुपारी घरी येताना मी दोनदा रस्ता चुकलो.
इथेच जन्मलोय मी.

लिलावात लेथ दक्षिणेला गेले.
अक्रोडाचे दस्ते कुणी फडताळं करायला उचलले.
मी उत्तरेच्या खिडकीची काच मागितली.
लिलाववाला म्हणाला, तशीच घेऊन जा, फुकट.

ती आता गॅरेजात भिंतीला टेकून आहे.
ख्रिसमसच्या आदल्या दिवशी नात तिच्यापुढे बसली,
भेटीच्या कागदाची रिकामी पुठ्ठ्याची नळी
डोळ्याला लावून, एक डोळा घट्ट मिटून.
मी शिकवलं नव्हतं.
आजोबा, म्हणाली, ही वाकडी दिसते.

असू दे, म्हटलं.