इतिवृत्तात नसलेलं

सभा सात वाजता सुरू झाली.
हजर त्रेपन्न, आजारी तीन,
आणि ज्याच्यासाठी सभा तो दाराशी उभा,
बूट हातात,
कारण फडताळात त्याच्या मापाच्या सपाता नव्हत्या.

विषय एकच. वरच्या उतारावरची पडीक संत्राबाग.
मालकाची मुलं ओसाकाला गेली,
बागेत रानडुकरं आली,
आता बंदराकडच्या मशिदीतली माणसं ती विकत मागतात.
कशासाठी? पुरण्यासाठी.
हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला.
आमच्याकडे माणूस जाळतात,
हाडं काड्यांनी वेचून कलशात ठेवतात.

ओगाता मास्तरांनी भिंतीवर नकाशा लावला,
निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली,
बागेपासून तळ्यापर्यंत,
तळ्यापासून आमच्या भातापर्यंत.
मग कोणाला काही विचारायचं उरलं नाही.
"माणसं चांगली आहेत हो. पण पाणी."
हे अकरा जण बोलले. मी एकदाच लिहिलं.
कोणी कोणाला पाण्यात पाहत होतं असं नाही,
पाण्यातच काहीतरी पाहत होते सगळे.

मग युस्रान बोलला. मासळीच्या कारखान्यात असतो,
जपानी आमच्यासारखंच बोलतो, शेवट गिळून.
म्हणाला, मुलगी जन्मली तेव्हा श्वास नव्हता तिला.
जवळची दफनभूमी नऊशे किलोमीटरवर.
खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला,
वाटेत दोनदा पेट्रोल भरलं.
एवढंच म्हणाला. बसला. बसताना पुन्हा बूट उचलले.

रॉकेलचा स्टोव्ह भुरभुरत होता.

तेव्हा मागून हात्सुए आजी, वय ब्याण्णव,
ऐकू कमी येतं म्हणून ओरडूनच बोलतात:
"माझ्या सासूला पिंपात बसवून पुरली होती की!
गुडघे छातीशी. त्याच उतारावर.
तेव्हा जाळायला लाकूड कोणाकडे होतं?
आणि त्याच तळ्याच्या भातावर
तू वाढलास, ओगाता!"

कोणीतरी हसलं. कोणीतरी चहा ओतला, तो बशीत सांडला.
अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले,
आजींचं वय झालंय, हे लिहू नका.

मी लिहिलं नाही.
विरुद्ध पंचेचाळीस, बाजूने पाच, कोरे तीन.
कोऱ्यांपैकी एक माझं.

दुसऱ्या दिवशी मी उतारावर गेलो.
बागेच्या कडेला शेवाळलेले दगड निघाले,
कोयत्याने खरवडले तर अक्षरं दिसली,
आडनावं आमचीच. सतरा मोजले,
पुढे काटेरी वेली होत्या.

संध्याकाळी इतिवृत्त स्वच्छ उतरवलं, शिक्का मारला.
मग तांदूळ धुतले.
पाणी पांढरं झालं.
रोजच होतं.
आज ते ओतून द्यायला वेळ लागला.