सामू

शिंदखेड्याच्या माती परीक्षण केंद्रात
बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर लिहीत आले:
सामू आठ पूर्णांक चार.
चुनखडी जास्त. लोह उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही म्हणजे नसतं असं नाही,
हे रोज कुणाला तरी समजावते.
असतं. चुना त्याला कुलूप घालून बसतो.

मग माझ्याच दारात पार्सल आलं.
ओल्या शेवाळात गुंडाळलेले तीन कंद,
आल्याच्या कुड्यांसारखे,
नणंदेनं कालिंपाँगहून धाडलेले. जपानी आयरिस.
चिठ्ठीत तिचं तिरपं अक्षर:
आंबट माती दे, पाय ओले ठेव,
चुना नुसता दाखवूसुद्धा नकोस.

दाखवू नकोस!
इथं नळाला पांढरी दाढी,
कुकरच्या तळाला खपली,
आणि गल्लीत दर तिसऱ्या घरी मुतखडा.

निळं पिंप आडवं कापलं.
लाकडाचा भुसा, कुजका पाला, जुनं शेणखत,
मूठभर गंधक, चिमूटभर हिराकस.
शेतातली एक ढेकूळही नाही.
राहिलं पाणी.

बँकेच्या एसीची नळी मागच्या बोळात ठिबकते.
ना चव, ना चुना.
वैशाखात सेहेचाळीस अंशांवर
दिवसाला दीड बादली.
वॉचमन सुकलाल निकुंभ खाली बादली लावायचा
आणि पासबुकवाल्यांच्या रांगेला सांगायचा,
सरका जरा, ताईनं फूल से.

पहिला कंद पिंपातच उकडला.
दुसऱ्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
रोग मला तोंडपाठ,
पण अहवालात लिहिणं वेगळं
आणि सकाळी दात घासता घासता बघणं वेगळं.

तिसरा दोन वर्षं नुसता गवतासारखा उभा.
फूल कव्हय ई, ताई?
मी म्हणायची, उपलब्ध नाही.
तो हसायचा. मीही.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी,
लाइट गेलेली, हातात पंखा म्हणून कॅलेंडर,
आणि ते उघडलेलं.
सपाट, ओला रुमाल दोरीवर टाकावा तसं,
कडा लोंबत्या, मध्ये पिवळी रेघ.
रंग मी लगेच ओळखला.
आपली माती लिटमसला जो रंग देते, तोच.
पण ज्या मातीत कागद निळा होतो
त्या मातीत हे निळं होत नाही.
याचं काय करायचं, हे कुठल्याच रकान्यात बसेना.

सुकलाल चपला काढून आत आला.
गुडघ्यांवर हात ठेवून वाकला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, वास नही का?

नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याची चिंधी झाली.
बादली अजून येते.
नको म्हणायचं राहून गेलं.
काल त्या पाण्यानं केस धुतले.

केवढा फेस.