एक तार उतरलेली

ओसाकात, निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत
तिसऱ्या मजल्यावर आमचं दुकान. लिफ्ट नाही.
येणाऱ्याला धाप लागलेली असते,
म्हणून मालक ताकिगावासान सांगून ठेवतात :
आधी पाणी दे, मग हेडफोन.
धापेत कुठलाही प्लेअर वाईटच वाजतो.

माझं काम चिठ्ठ्या लिहायचं.
काचेखाली चौदा प्लेअर, प्रत्येकापुढे एक चिठ्ठी :
वजन, बॅटरीचे तास, किंमत,
आणि खाली दोन ओळी आवाजाबद्दल.
त्या दोन ओळींतच माझे दिवस जातात.
उबदार. स्वच्छ. खोल. मोकळा.
‘मखमली’ लिहिलं की मालक खोडतात,
म्हणतात, मखमल कानात घालून बघ एकदा.

कुवाबारा गुरुवारी येतात.
चाळीस वर्षं शाळाशाळांतले पियानो लावले.
डावा कान आता वरचं काही ऐकत नाही,
हे ते आल्याआल्या सांगून टाकतात,
खोटं नाणं आपणहून बाजूला काढून ठेवावं तसं.
बाकीची गिऱ्हाइकं विचारतात चिप कुठली, बिट किती.
कुवाबारा विचारतात,
शेवटचा सूर ह्याच्यात विझतो, की कापला जातो?

त्या गुरुवारी खिशातून एक कार्ड काढलं.
साकाईच्या एका शाळेतली जुनी कॅसेट,
नातवाने उतरवून दिलेली.
पियानो लावून झाल्यावर
सहावीतली एक मुलगी वाजवते आहे,
व्यायामशाळेत, मागे कुणीतरी चेंडू आपटतंय.
आधी लावलं अठरा हजार येनच्या जुन्या प्लेअरवर,
कोपऱ्यात पोचा आलेल्या.
मान हलली. छान, म्हणाले. चेंडूसुद्धा छान.

मग मीच, हौसेने,
काचेखालचा तांब्याचा काढून दिला :
चार लाख ऐंशी हजार,
खिशात ठेवला तर पँट उतरेल एवढा जड.
त्यांनी डोळे मिटले.
दुसऱ्या मिनिटाला उघडले.
पुन्हा मागे नेलं. पुन्हा.

‘ला’, म्हणाले. मधल्या सप्तकातला.
एका सुराला तीन तारा असतात,
तिसरी केसभर उतरलेली आहे.
मीच लावली होती.
चारची गाडी गाठायची होती त्या दिवशी.

कान टोचावे सोनारानेच, म्हणतात.
हा सोनार चार लाख ऐंशी हजारांचा,
आणि कान सत्त्याहत्तर वर्षांचे.

मला काय बोलावं सुचेना.
कॅसेट जुनी आहे, म्हटलं, फीत ओढली गेली असेल.
फीत ओढली, तर सगळेच सूर उतरतात, ते म्हणाले,
एकटी तार नाही.
आणि वाजवत राहिली ती पोरगी, बघा,
त्या सुरावर दर वेळी जरा हळू बोट ठेवते.
तिला कळलं होतं.

मग त्यांनी पोचा आलेला परत मागितला,
तेच गाणं, तीच जागा.
ऐकलं. हसले.
आता इथेही उतरलेली आहे, म्हणाले.
मीही लावून बघितलं. खरंच होती,
घाण्याच्या बैलासारखी एक थरथर,
फिरून फिरून त्याच जागी.
पंधरा मिनिटांपूर्वी नव्हती,
शपथेवर सांगते, नव्हती.

अठरा हजार मोजले त्यांनी, सुट्ट्या नोटांत.
चार लाख बासष्ट हजार वाचले, म्हणाले,
आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत
खाली उतरले.
ताकिगावासान माझ्यावर चिडले, थोडेसेच.

तांब्याचा प्लेअर पुसून काचेखाली ठेवला.
बोटांचे ठसे निघाले.
चिठ्ठी काढली तेव्हा खालच्या दोन ओळींत
माझंच अक्षर होतं : स्वच्छ, खोल.
खोडली.
वजन, बॅटरी, किंमत राहू दिली.
दुकान बंद व्हायला पाऊण तास होता,
एक दंतवैद्य जिना चढून आले,
मी पाणी द्यायला उठले.